सत्त्याहत्तर अंशांचं नागपूर

"मॅडम, उत्तर येऊन राहिलं, पण भलतंच येऊन राहिलं."

नागपूरच्या नंदनवनातल्या एका कॉलेजची लॅब, बी.सी.ए. पहिलं सेमिस्टर. प्रोग्राम साधा: सेल्सिअसचं फॅरनहाइट करायचं. मुलीने अर्थातच ४५ टाकले. नागपुरात दुसरा आकडा कोण टाकेल? यायला हवे ११३. आले ७७. म्हणजे २५ सेल्सिअस. मे महिन्यात इथे एवढा गारवा आला तर लोक कूलरच्या ताट्या काढून ठेवतील.

स्क्रीनवर एकही एरर नाही, हीच खरी पंचाईत. सेमीकोलन विसरला तर कंपाइलर लगेच हटकतो. इथे सूत्र बरोबर, कंपाइलर गप्प. मॅडमनीही चूक सांगितली नाही. "वहीवर ड्राय रन कर" एवढंच म्हणाल्या. मुलीने रकाने आखले, एकेका ओळीनंतर कुठल्या व्हेरिएबलमध्ये काय उरतं ते लिहीत गेली. ९/५ पाशी तिने १.८ लिहिलं. मॅडमनी त्याभोवती गोल काढला.

"हे कोणाचं उत्तर? तुझं का त्याचं?"

सी भाषेत पूर्णांकाला पूर्णांकाने भागलं की उत्तरही पूर्णांकच. पुढचा अपूर्णांक टाकून दिला जातो. म्हणून ९/५ म्हणजे १, त्याला ४५ ने गुणून ३२ मिळवले की ७७. तिने ९ च्या जागी ९.० केलं आणि नागपूर पुन्हा तापलं.

माझ्या मते सगळा विषय या गोलात आहे. अभ्यासक्रम मात्र कॉम्प्युटरच्या पिढ्यांपासून सुरू होतो: व्हॅक्यूम ट्यूब, ट्रान्झिस्टर, आयसी. पोरं ते पाठ करतात, परीक्षेत उतरवतात, विसरतात. ते सेमिस्टरच्या शेवटी ढकललं तरी कोणाचं काही बिघडणार नाही. ड्राय रनला मात्र मुलं कंटाळतात. फ्लोचार्टसुद्धा प्रोग्राम चालल्यावर, रेकॉर्ड बुक सहीला द्यायच्या आदल्या रात्री काढतात. आधी विचार, मग कोड, हा क्रम उलटाच.

'लेट अस सी'चे लेखक यशवंत कानेटकर नागपूरचेच. देशभरातल्या इंजिनिअरिंगच्या मुलांनी ज्यांच्या पुस्तकावरून सी गिरवली ते आपल्या गावचे, हे इथल्या मुलांना सांगावं लागतं. या लॅबमध्ये एकाकडे मोठ्या भावाची जुनी प्रत होती, टर्बो सीच्या निळ्या पडद्याच्या काळातली. तेव्हा पूर्णांकाला दोन बाइट मिळत. ३२७६७ ही हद्द; त्यात १ मिळवला की उत्तर उणे ३२७६८. त्याने तेच करून पाहिलं, तर सरळ ३२७६८ आले. "पुस्तक चुकलं का मशीन बदलली?" मशीन बदलली, कंपाइलरही बदलला. आता चार बाइट. हद्द थेट २१४७४८३६४७ वर गेली. हद्द आहेच, फक्त दूर गेली.

शेवटी मॅडमनी व्हायवात हमखास येणारा प्रश्न फळ्यावर लिहिला. फ्लोटमध्ये ०.७ ठेवा आणि त्याची ०.७ शीच तुलना करा. बरोबर का? कॉम्प्युटर म्हणतो, नाही. वर्गात गलका. कारण मुलांकडूनच काढून घेतलं: अपूर्णांक दुप्पट करत जा, पूर्णांक भाग बाजूला ठेवा, तोच बायनरीतला अंक. ०.७ चे १.४. उरलेल्या ०.४ चे ०.८. मग १.६, मग १.२, मग ०.४.

"पुन्हा ०.८! हे तं संपतच नाही न मॅडम."

"मग मशीन काय करते?"

"कुठंतरी तोडते."

"फ्लोटमध्ये चोविसाव्या बिटावर." म्हणून आत राहतं साधारण ०.६९९९९९९८८. आणि ज्या ०.७ शी तुलना केली ते डबल असतं, बरंच पुढे जाऊन तोडलेलं. दोन्ही जुळणार कसे?

०.१, ०.२ असं करत ०.९ पर्यंतचे कोणते अपूर्णांक संपतात ते घरून करून आणायला सांगितलं. मॅडमचं वाक्य पुरं व्हायच्या आत मागच्या रांगेतून आवाज आला, "फक्त ०.५." आणि मग त्याला ते फळ्यावर सिद्ध करावं लागलं.