व्यायामशक्तीचे मापन : मैदानावर की प्रयोगशाळेत ?

‘दम वाढेल असे काही द्या’ अशी मागणी घेऊन खेळाडू व त्यांचे पालक आपल्या दवाखान्यांत आणि औषधालयांत येतात. औषधयोजनेपूर्वी हा दम मोजावा कसा, याचा विचार आम्हांस अगत्याचा वाटतो.

चरकसंहितेच्या विमानस्थानात (अध्याय ८) दशविध परीक्षेत व्यायामशक्तीचा समावेश असून ती कर्मशक्तीवरून, म्हणजे प्रत्यक्ष कार्य करण्याच्या क्षमतेवरून परीक्षावी, असे सांगितले आहे. मग कार्य कोणते, हाच आजचा प्रश्न होय.

प्रयोगशाळेत खेळाडूस ट्रेडमिलवर उत्तरोत्तर वाढत्या श्रमाने धावविले जाते आणि मुखवट्याद्वारे उच्छ्वासातील वायूंचे विश्लेषण करून कमाल प्राणवायुग्रहण मोजले जाते. हे मापन सर्वांत अचूक खरे. परंतु ते खर्चिक असून एका वेळी एकाच खेळाडूचे होते. शिवाय फुटबॉल, हॉकी, खो-खो यांत कोणी सरळ एका गतीने धावत नाही. वेग घेणे, थांबणे, वळणे आणि पुन्हा वेग घेणे, हे तेथील कर्म होय.

डेन्मार्कचे येन्स बांग्सबो यांची यो-यो चाचणी याच कर्माशी जुळते. तिच्या पहिल्या स्तरात २० मीटर जाऊन परतावयाचे, १० सेकंद विसावा घ्यावयाचा आणि ध्वनिसंकेतानुसार वेग वाढवीत जावयाचे. दुसऱ्यांदा वेळ चुकली की चाचणी संपते. १६.१ या गुणांकास एकूण अंतर ११२० मीटर होते. त्यावरून सूत्राने प्राणवायुग्रहण किलोमागे मिनिटाला सुमारे ४६ मिलिलिटर येते. मात्र हा अंदाज आहे, मापन नव्हे. समान प्राणवायुग्रहणाच्या दोन खेळाडूंचे यो-यो गुणांक भिन्न असू शकतात.

एका आकड्यावर किती अवलंबून असते, हे २०१८ साली दिसले. त्या वर्षी आयपीएलमध्ये ६०२ धावा करणारे अंबाती रायुडू यो-यो चाचणीत अनुत्तीर्ण झाल्याने इंग्लंड दौऱ्याच्या एकदिवसीय संघातून वगळले गेले. पुढे चाचणी उत्तीर्ण होऊन ते त्याच वर्षी आशिया चषकात खेळले.

आपल्या नागपुरात ऋतूचा विचार अपरिहार्य आहे. मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत जातो. त्या उष्णतेत हृदयगती वाढते, घाम अधिक जातो आणि क्षमता लवकर ढळते. डिसेंबरचा व मेचा गुणांक शेजारी ठेवून ‘बल घटले’ असा निष्कर्ष काढणे अन्यायाचे होईल. म्हणून मैदान, पादत्राणे, वेळ व ऋतू शक्यतो समान ठेवावेत.

सरावाने आणि चाचणीच्या परिचयानेही गुणांक वाढतो. त्याचे श्रेय घाईने औषधास देऊ नये. गुणांक घटल्यास प्रथम पांडुरोग, अपुरी निद्रा, नुकताच येऊन गेलेला ज्वर यांचा शोध घ्यावा. श्रम करताना छातीत वेदना वा मूर्च्छा, अथवा कुटुंबात अल्पवयात आकस्मिक मृत्यू, असा इतिहास असल्यास चाचणीपूर्वी हृदयतज्ज्ञांकडे पाठवावे. औषधविक्रेत्यांनी देयकावर बॅच क्रमांक नोंदवावा. कारण शरीरात निषिद्ध द्रव्य आढळल्यास उत्तरदायित्व खेळाडूचेच असते.

शरीराची कमाल क्षमता जाणण्यास प्रयोगशाळा, तर खेळातील तिचा विनियोग जाणण्यास मैदान योग्य, असे आमचे मत आहे. व्यवहारात मैदानी चाचणी नियमाने घ्यावी आणि शंका उरल्यास प्रयोगशाळेचे साहाय्य घ्यावे.