पातळ लॅपटॉप : काय मिळते, काय जाते



लॅपटॉप विकणारा दुकानदार यंत्र गिऱ्हाइकापुढे ठेवताना बहुधा ते मिटवतो आणि आधी त्याची कड दाखवतो. “बघा साहेब, वहीएवढासुद्धा जाड नाही!” गिऱ्हाईक खूश होते, आणि त्यात वावगे काही नाही. रोज एसटीने वीस-पंचवीस किलोमीटर जाणाऱ्या शिक्षकाच्या पिशवीतले अर्धा किलो वजन कमी झाले, तर त्याच्या खांद्याला ते कळतेच. पण लॅपटॉप घेणे म्हणजे कुणाच्या घरी एका पगाराचा, तर कुणाच्या घरी एका हंगामाच्या पैशाचा प्रश्न असतो. तेव्हा ही जाडी कमी झाली ती नेमकी कशातून, हे पाहावयास हवे. जाड यंत्राचे पोट काही रिकामे नव्हते.

त्या पोटात यंत्राचा मेंदू म्हणजे चिप असते, तिला थंड ठेवणारा पंखा असतो, बॅटरी असते, माहिती साठवण्याची जागा असते, वर कळा आणि कडेला बाहेरच्या वस्तू जोडण्याच्या खाचा असतात. प्रत्येकाला आपापली जागा लागते. यंत्र पातळ करायचे म्हणजे यांपैकी कुणाला तरी आकसायला लावायचे, नाहीतर घराबाहेर काढायचे.

याचे पहिले गाजलेले उदाहरण २००८ सालचे. त्या वर्षीच्या जानेवारीत अमेरिकेतील सॅन फ्रान्सिस्को शहरी अ‍ॅपल कंपनीचे प्रमुख स्टीव्ह जॉब्स यांनी सभेसमोर एक कागदी लिफाफा उघडला आणि त्यातून लॅपटॉप बाहेर काढला. तोच मॅकबुक एअर. जाडी, जिथे सर्वांत जास्त तिथे, १९.४ मिलिमीटर, वजन १.३६ किलो. लोक थक्क झाले. पण त्या लिफाफ्यात काय नव्हते तेही पाहू. सीडी-डीव्हीडीची खाच नव्हती, इंटरनेटची तार जोडण्याची खाच नव्हती, आणि पेन ड्राइव्ह लावायला एकच जागा होती. बॅटरी आत बंद, रॅम म्हणजे यंत्राची कामापुरती स्मृती मूळ पाटीवर डाग देऊन पक्की बसवलेली. आता गंमत अशी, की यांतल्या पुष्कळ गोष्टींची पुढे कुणालाच आठवण राहिली नाही. सीडी काळाबरोबर गेली. म्हणजे वगळलेली प्रत्येक गोष्ट हे नुकसानच, असेही नव्हे.

मग त्याच कंपनीने २०१५ साली आणखी पुढचे पाऊल टाकले. जाडी १३.१ मिलिमीटर, वजन किलोच्याही आत, ९२० ग्रॅम. पंखा नाही. चार्जिंगला आणि पेन ड्राइव्हसारख्या वस्तूंना मिळून एकच खाच. चार्जर लावला की पेन ड्राइव्हला जागा नाही! आणि यंत्र इतके पातळ ठेवायचे म्हणून कळा नव्या धाटणीच्या, बोटाखाली जेमतेम हलणाऱ्या. त्या कळांखाली धुळीचा कण गेला की एक अक्षर दोनदा उमटे, नाहीतर उमटतच नसे. तक्रारी वाढल्या. जून २०१८ मध्ये कंपनीने त्या कळा मोफत दुरुस्त करून देण्याची योजना काढली, आणि नोव्हेंबर २०१९ पासून जुन्या पद्धतीच्या कळा परत येऊ लागल्या. २०२१ च्या मोठ्या लॅपटॉपमध्ये पडदा-प्रोजेक्टर जोडण्याची एचडीएमआय खाचही परत आली. जगातल्या बड्या कंपनीलाही मागे यावे लागले, ते अशा तऱ्हेने. आमच्याकडे तर धूळ ही पाहुणी नव्हे, ती घरचीच. फळ्याचा खडू, शेतरस्त्याचा फुफाटा. तेव्हा कळांचा हा धडा आपण विसरू नये.

आता उष्णतेकडे वळू. चिप काम करते तेव्हा तापते. ती उष्णता बाहेर घालवायला जाड यंत्रात मोठा पंखा आणि हवा खेळायला पोकळी असते. चुलीला धुराडे असावे तसे हे. पातळ यंत्रात धुराडे अरुंद, आणि काहींत तर पंखाच नाही. अशा वेळी चिप स्वतःला जपण्यासाठी आपली गती कमी करते. पत्र लिहिणे, यू-डायसची माहिती भरणे, धड्याची चित्रफीत दाखवणे, या कामांत ते जाणवणार नाही. पण तासभराचे चित्रण जोडून त्याची फिल्म करायला बसलात, की यंत्र पहिली पाच-दहा मिनिटे धावते आणि मग चालू लागते. त्यातून विदर्भातला मे महिना. अनेक लॅपटॉपांच्या माहितीपत्रकात वापरासाठी ३५ अंशांपर्यंतचीच हवा धरलेली असते, आणि पत्र्याच्या वर्गखोलीत ती मर्यादा सकाळीच ओलांडली जाते.

बॅटरीच्या बाबतीत मात्र चांगली बातमी आहे. पूर्वी पातळ म्हणजे लवकर संपणारा, हे समीकरणच होते. चिपा जसजशा कमी वीज खाऊ लागल्या, तसे ते मोडले. हिशेब सोपा आहे. बॅटरीची साठवण ५० वॉट-तास असेल आणि यंत्र १० वॉट खात असेल, तर ते पाच तास चालेल. तेच ५ वॉट खात असेल तर दहा तास. घागर तीच, पिणारा कमी तहानेचा. भारनियमनाच्या गावी हा गुण मोठा आहे, आणि आजचे कित्येक पातळ लॅपटॉप या बाबतीत जुन्या जाडजूड यंत्रांना मागे टाकतात.

खरी गोम आहे ती दुरुस्तीत. माझ्या मते खेड्यातल्या घेणाऱ्याने सर्वांत जास्त विचार करावा तो इथेच. जुन्या जाड लॅपटॉपची बांधणी कौलारू घरासारखी होती. कौल फुटले की तेवढे कौल बदलायचे. पातळ यंत्र हे स्लॅबचे घर. रॅम पाटीवर पक्की बसवलेली असली, तर ८ जीबीचा घेतलेला लॅपटॉप जन्मभर ८ जीबीचाच राहतो. शहरातला माणूस तीन-चार वर्षांनी यंत्र बदलतो. आपण ते आठ वर्षे वापरणार, मग धाकट्या भावाला देणार. तेव्हा रॅम वाढवता येत नसेल तर पहिल्याच दिवशी १६ जीबी घ्यावी, त्यापायी यंत्र दोन मिलिमीटर जाड मिळाले तरी चालेल.

बॅटरीही काही वर्षांनी थकते, आणि उष्णतेत लवकर थकते. पूर्वी ती बाहेरून खटका दाबून निघे. आता तळाचे स्क्रू काढावे लागतात, काहींत ती चिकटवलेलीही असते. कधीकधी जुनी बॅटरी फुगते. टचपॅड वर उचलला जातो, किंवा झाकण नीट मिटत नाही. असे दिसताच चार्जर काढावा, यंत्र बंद करावे आणि जाणकाराकडे न्यावे. ती दाबू नये, टोचू तर मुळीच नये. आग लागू शकते. शाळेत मुले आजूबाजूला असतात, म्हणून हे मुद्दाम सांगतो.

राहिल्या खाचा. पेन ड्राइव्हची जुनी यूएसबी खाच सुमारे साडेचार मिलिमीटर उंच, नवी सी-खाच अडीचच्या आसपास. कडा पातळ झाल्या की जुनीला जागा उरत नाही, एवढेच त्याचे कारण. शाळेतल्या जुन्या प्रोजेक्टरला तर पुष्कळदा व्हीजीए तार असते. तिची रचना १९८७ सालची. त्यासाठी जोडणी मिळते, पण ती वेगळी विकत घ्यावी लागते, आणि नेमकी तपासणीच्या दिवशी सापडत नाही.

आणखी एक. पातळ आणि हलका हे एकच नव्हे. धातूचे पातळ यंत्र प्लॅस्टिकच्या जाड यंत्राहून जड भरू शकते. खांद्याला मिलिमीटर कळत नाहीत, ग्रॅम कळतात. म्हणून माहितीपत्रकात वजन आधी वाचावे.

रोज प्रवास करणाऱ्याने, लिहिणे-वाचणे एवढेच काम असणाऱ्याने पातळ लॅपटॉप खुशाल घ्यावा. ज्याचा लॅपटॉप शाळेच्या टेबलावरून हलणारच नाही, त्याने कडेच्या सौंदर्यापायी जादा पैसे कशाला मोजावेत? दुकानात जाताना शाळेचा पेन ड्राइव्ह खिशात आणि प्रोजेक्टरची तार पिशवीत घ्यावी. या दोन्ही कुठे बसतात ते विचारावे. रॅम वाढवता येते का, बॅटरी कोण बदलून देतो, तो तालुक्याला आहे की पुण्या-मुंबईला, हेही विचारावे. आणि मग खुर्ची ओढून घेऊन, दुकानदार घड्याळाकडे पाहू लागला तरी, पानभर मराठी मजकूर त्या कळांवर स्वतःच्या बोटांनी लिहून पाहावा.