राहुटीबाहेरचा फलक

झोकदार जाहिरात बघायला मुंबईच्या होर्डिंगांखालीच उभे राहायला हवे असे नाही. जुन्नर तालुक्यातले नारायणगाव म्हणजे तमाशाची पंढरी. गावोगावच्या चैत्री जत्रा जवळ आल्या की इथे तमाशा फडांच्या राहुट्या लागतात. आत तारखांची वही घेऊन बसलेला व्यवस्थापक, बाहेर भडक रंगातला फलक.

जुन्नर-आंबेगावच नव्हे, लांबलांबच्या गावांतली यात्रा कमिटीची मंडळी राहुट्या पालथ्या घालतात, घासाघीस करतात, सुपारी देतात. भाव तिथीवर ठरतो. एकाच दिवशी अनेक गावांच्या जत्रा आल्या, की त्या रात्रीची बिदागी चढलीच!

फलकावर खरी कलाकुसर असते ती नावांच्या मांडणीत. 'मंगला बनसोडे सह नितीनकुमार', 'रघुवीर खेडकर सह कांताबाई सातारकर': दोन्हीकडे आई आणि मुलगा एकाच ओळीत. गावाने आधीच मानलेल्या नावाला पुढच्या पिढीचे नाव जोडायचे. ब्रँडिंगवाले याचेच शिकवणीवर्ग घेतात. मंगलाताई या स्वतःही तमाशा कलावंत विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर यांच्या कन्या. विठाबाईंना १९५७ आणि १९९० मध्ये राष्ट्रपतींच्या हस्ते गौरवण्यात आले होते. त्यांच्या नावाने राज्य शासन तमाशा कलावंतांना जीवनगौरव पुरस्कार देते.

कोरोनामुळे २०२० आणि २०२१ चे हंगाम बुडाले. नंतर राहुट्या पुन्हा लागल्या. पेंटरच्या कुंचल्याची जागा मात्र बरीचशी फ्लेक्सने घेतली आहे, आणि अक्षरांतली ती जुनी ऐट त्यात उतरत नाही.