चढ कोणाचा, आंतरछेद कोणाचा?

वाय = एमएक्स + सी. शाळेत भेटलेल्या समीकरणांत हे बहुधा सगळ्यांत साधं. ना वर्ग, ना मूळ, ना कुठलं वळण. एम म्हणजे रेषेचा चढ, सी म्हणजे वाय-अक्षावरचा आंतरछेद, एवढं पाठ करायचं आणि पुढच्या धड्याला लागायचं. पण याच समीकरणाच्या जोरावर माणसाने थंडीची शेवटची हद्द शोधून काढली, आणि तीही तिच्या आसपास पोचण्याच्या कितीतरी आधी. प्रकाश ऊर्जेची देवाणघेवाण सुट्ट्या पुड्यांनी करतो, या अचाट कल्पनेला आकड्यांचा आधार मिळाला तोही याच समीकरणातून.

आधी चढ पाहू. कर्जतहून खंडाळ्याकडे जाताना बोरघाटात रेल्वेमार्गाचा चढ ३७ ला १ इतका आहे. ३७ मीटर पुढे गेलं की १ मीटर वर. भागाकार केला तर ०.०२७. आकडा क्षुल्लक वाटतो, पण तो पेलण्यासाठी कर्जतला गाडीच्या मागे जादा इंजिनं जोडावी लागतात. वरची वाढ भागिले आडवी वाढ, इतकंच चढाचं गणित. आणि सरळ रेषेची खासियत अशी की हा भागाकार रेषेवर कुठेही केला तरी उत्तर तेच येतं.

आलेखाच्या अक्षांवर मात्र अंतर आणि उंचीच असली पाहिजे असं नाही. गच्चीवरच्या टाकीत आत्ता ३०० लिटर पाणी आहे आणि नळातून मिनिटाला १५ लिटर पाणी पडतंय. मग पाणी = १५ × मिनिटं + ३००. इथे १५ हा चढ, म्हणजे बदलाचा वेग. आणि ३०० हा आंतरछेद, म्हणजे घड्याळ लावलं त्या क्षणीची शिल्लक. आता पट्टी लावून ही रेषा मागे ओढा. शून्याच्या डावीकडे, उणे २० मिनिटांवर ती आडव्या अक्षाला टेकते. तिथे पाणी शून्य. टाकी रिकामी होती आणि नळाची धार बदलली नसेल, तर नळ २० मिनिटांपूर्वी सुरू झाला. तेव्हा गच्चीवर कोणीही नव्हतं, तरी रेषेने ते सांगितलं. आडव्या अक्षावरच्या या छेदालाही आंतरछेदच म्हणतात, आणि पुढची सगळी गंमत तिथे दडलेली आहे.

एका बंद भांड्यात हवा घ्या. ०° सेल्सिअसला तिचा दाब १००० मिलिबार असेल, तर १००° सेल्सिअसला तो साधारण १३६६ मिलिबार होतो. मधल्या तापमानांना मोजलेले बिंदू आलेखावर मांडले की ते एका रेषेत बसतात. चढ काढू: ३६६ भागिले १००, म्हणजे अंशामागे ३.६६ मिलिबार. आता भांड्यातली निम्मी हवा काढून टाका. दाब ०° ला ५००, १००° ला ६८३. चढही निम्मा झाला, १.८३. दोन निराळ्या रेषा, दोन निराळे चढ. पण दोन्ही मागे ओढा. पहिलीसाठी १००० भागिले ३.६६, दुसरीसाठी ५०० भागिले १.८३. दोन्ही वेळा उत्तर २७३! हवेऐवजी हायड्रोजन घ्या, नायट्रोजन घ्या, भांडं मोठं घ्या, छोटं घ्या. रेषांचे चढ हवे तेवढे बदलतील, पण त्या सगळ्या डावीकडे उणे २७३ अंशांच्या आसपास एकाच बिंदूवर येऊन मिळतात.

या बिंदूवर दाब शून्य. याहून खाली जायचं तर दाब उणे व्हायला हवा, आणि वायूच्या बाबतीत त्याला काहीच अर्थ नाही. म्हणजे उष्णता कितीही वाढवता येईल, पण थंडीला तळ आहे. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला पॅरिसमध्ये गियोम आमोंतों यांना हवेच्या दाबावरून या तळाची चाहूल लागली होती. १७७९ मध्ये योहान लाम्बर्ट यांनी तो उणे २७० अंशांच्या जवळ असल्याचं मांडलं. १८४८ मध्ये विल्यम थॉमसन, म्हणजे पुढचे लॉर्ड केल्विन, यांनी निरपेक्ष तापमानाची मोजपट्टी सुचवली आणि हवेच्या तापमापीतला हा तळ उणे २७३ वर दाखवला. त्या सुमारास मायकेल फॅरडेंसारख्या कसबी प्रयोगकर्त्यालाही उणे ११० अंशांच्या आसपासच पोचता आलं होतं. उरलेली दीडशेहून जास्त अंशांची वाट एकट्या रेषेने चालून दाखवली होती!

अर्थात, मोजमापाच्या पलीकडे ओढलेली रेषा हा दावा असतो, पुरावा नव्हे. खरे वायू तर तळाला पोचण्याआधीच द्रव होतात; ऑक्सिजन उणे १८३ ला, नायट्रोजन उणे १९६ ला, आणि तिथे त्यांची रेषा मोडते. तरीही हा दावा भक्कम का ठरला? कारण निरनिराळ्या वायूंच्या, निरनिराळ्या चढांच्या रेषा एकाच जागेकडे बोट दाखवत होत्या. पुढे उष्णतेच्या सिद्धांतानेही तोच तळ सांगितला. १९०८ मध्ये लायडनला हाइक कामरलिंग ओनेस यांनी हेलियम द्रवरूप केला, तेव्हा माणूस तळापासून चार-साडेचार अंशांवर येऊन ठेपला. आज तळाचा नेमका आकडा उणे २७३.१५ मानतात. मुंबईत कुलाब्याला टाटा मूलभूत संशोधन संस्थेत शास्त्रज्ञांनी बिस्मथ धातूचा स्फटिक या तळाच्या वर एका अंशाच्या जेमतेम दोन हजाराव्या भागापर्यंत थंड केला आणि तिथे तो अतिसंवाहक, म्हणजे विजेला अजिबात रोध न करणारा, होतो हे दाखवलं. त्या बिंदूला मात्र अजून कोणी शिवलेलं नाही.

इथे चढ होता त्या-त्या भांड्यातल्या वायूचा, आणि आंतरछेद सगळ्या सृष्टीचा. आता याच्या नेमकं उलट उदाहरण पाहू.

धातूवर प्रकाश पडला की त्यातून इलेक्ट्रॉन उडू शकतात. १९०५ मध्ये आइन्स्टाइन यांनी म्हटलं की प्रकाशाची ऊर्जा सुट्ट्या पुड्यांत येते, आणि प्रत्येक पुडीची ऊर्जा प्रकाशाच्या वारंवारतेच्या प्रमाणात असते. एक पुडी एका इलेक्ट्रॉनला मिळते. त्यातला काही हिस्सा धातूतून सुटण्यातच खर्च होतो, जणू धातूला भरलेला टोल; उरलेल्या ऊर्जेनिशी इलेक्ट्रॉन बाहेर धावतो. त्याला थोपवायला किती व्होल्ट लागतात हे मोजलं की उरलेली ऊर्जा कळते. म्हणजे थोपवणारे व्होल्ट = चढ × वारंवारता − धातूचा टोल. नीट पाहा, हे आपलं शाळेतलंच समीकरण आहे. फक्त सी उणे आहे.

शिकागो विद्यापीठातल्या रॉबर्ट मिलिकन यांचा या कल्पनेवर विश्वास नव्हता. त्यांनी अनेक वर्षं खपून ती तपासली. सोडियम आणि लिथियम हवेत क्षणात काळवंडतात, म्हणून त्यांनी निर्वात नळीच्या आतच एका चाकावर धातूचे तुकडे बसवले आणि आतल्याच सुरीने त्यांचा पृष्ठभाग ताजा तासण्याची सोय केली. मग एकेका रंगाचा प्रकाश टाकायचा आणि व्होल्ट मोजायचे. १९१६ मध्ये निकाल छापून आला. बिंदू सरळ रेषेत होते. सोडियमची रेषा आणि लिथियमची रेषा निराळ्या जागी होत्या, कारण प्रत्येक धातूचा टोल वेगळा. पण दोन्हींचा चढ एकच. रेषा समांतर!

वारंवारता सेकंदाला १०० लाख कोटींनी वाढली की थोपवणारं व्होल्टेज ०.४१ ने वाढतं, धातू कुठलाही असो. या चढाला इलेक्ट्रॉनच्या प्रभाराने गुणलं की प्लँकचा स्थिरांक मिळतो, म्हणजे वारंवारतेवरून पुडीची ऊर्जा ठरवणारा आकडा. तो प्रभार मिलिकन यांनी स्वतःच तेलाच्या थेंबांवरून मोजलेला होता. ज्यूल-सेकंदांत हा स्थिरांक लिहायचा तर दशांशचिन्हापुढे ३३ शून्यं आणि मग ६६२६. मिलिकन यांना शून्यांपुढे ६५७ मिळाले, म्हणजे फरक एक टक्क्याहूनही कमी. आइन्स्टाइन यांचं समीकरण अचूक असल्याचं त्यांनी मान्य केलं, त्यामागची कल्पना मात्र तेव्हाही त्यांच्या गळी उतरली नव्हती. पुढे दोघांनाही नोबेल मिळालं: आइन्स्टाइन यांना १९२१ चं, मिलिकन यांना १९२३ चं.

या रेषेचा आडव्या अक्षावरचा छेदही सोडू नका. सोडियमची रेषा तिथे साधारण हिरव्या रंगाच्या वारंवारतेपाशी टेकते. त्याच्या खालच्या वारंवारतेचा, उदाहरणार्थ लाल, प्रकाश कितीही प्रखर टाकला तरी सोडियममधून इलेक्ट्रॉन सुटत नाही. एकेका पुडीला टोलच परवडत नाही, मग पुड्या किती आल्या याने काय फरक पडणार?

वायूंच्या रेषा एका बिंदूत मिळतात आणि धातूंच्या रेषा समांतर धावतात. पहिल्या चित्रात निसर्गाचा नियम आंतरछेदात लिहिलेला आहे, दुसऱ्यात चढात. उरलेला आकडा समोरच्या वस्तूची खासगी बाब. कुठला आकडा सगळ्यांचा आणि कुठला एकट्याचा, हे ओळखणं हेच रेषा वाचण्याचं खरं कौशल्य आहे.

म्हणून शिकणाऱ्यांना आणि शिकवणाऱ्यांना एक विनंती. एम = ३, सी = ७ असं लिहून पेन खाली ठेवू नका. ३ काय? अंशामागे मिलिबार, मिनिटामागे लिटर, की आणखी काही? ७ कशाचे, आणि आडव्या अक्षाच्या शून्यावर काय घडत होतं? चढापुढे आणि आंतरछेदापुढे त्यांचं एकक लिहा, मग तो आकडा कोणाचा आहे हे विचारा.