वस्तऱ्याची पारख : जुने पाते आणि नवे पाते

घडीचा वस्तरा हे दिसायला साधे हत्यार असले, तरी त्याची सारी रचना एका कोनावर उभी असते. सहाणेवर धार लावताना पात्याची जाड पाठ आणि पातळ धार या दोन्ही कडा एकाच वेळी दगडाला टेकतात, त्यामुळे धारेचा कोन कारागिराच्या हाताने नव्हे, तर पाठीची जाडी आणि पात्याची रुंदी यांच्या प्रमाणाने ठरतो. रुंदी इंचाच्या आठव्या भागांत मोजण्याची परंपरा आहे. सर्वाधिक आढळणारे पाते पाच अष्टमांश, म्हणजे सुमारे १६ मिलिमीटर रुंद असते आणि त्याची पाठ साडेचार मिलिमीटरच्या आसपास जाड असेल, तर धारेचा कोन सुमारे १६ अंशांचा येतो. जुना वस्तरा घ्यावा की नवा, या प्रश्नाचे उत्तर म्हणूनच वयात नसून या प्रमाणात आहे : जुन्या पात्यात ते टिकले आहे का आणि नव्या पात्यात ते नीट साधले आहे का, एवढेच पाहायचे असते.

जुने वस्तरे आजही विपुल मिळतात, याला इतिहास कारण आहे. अठराव्या शतकाच्या मध्यास बेंजामिन हंट्समन याने इंग्लंडमधील शेफील्डजवळ मुशीत वितळवलेले एकजीव पोलाद तयार केले आणि त्या पोलादावर शेफील्डचा वस्तऱ्यांचा धंदा फोफावला. जुन्या पात्यांवर दिसणारी ‘कास्ट स्टील’ ही अक्षरे याच पोलादाची खूण होत. पुढे जर्मनीतील झोलिंगेन येथे पात्याच्या दोन्ही बाजू चाकावर अंतर्गोल घासून पाते अतिशय पातळ करण्याची पद्धत भरभराटीला आली, तर शेफील्डची जुनी पाती बहुधा पाचरीसारखी भरीव व जड असत. किंग जिलेट याला १९०४ मध्ये बदलत्या पात्याच्या सुरक्षित रेझरचे पेटंट मिळाले आणि नंतरच्या काही दशकांत घरोघरचे वस्तरे कपाटांच्या तळाशी गेले. पोलाद केवळ वयाने निकामी होत नाही, त्यामुळे कोरडे राहिलेले शंभर वर्षांचे पाते धार लावल्यावर आजही उत्तम दाढी करते.

मात्र जुने पाते पाहताना नजर आधी चकाकीवर नव्हे, तर पाठीवर जावी लागते. सहाणेवर वर्षानुवर्षे घासल्याने पाठीच्या दोन्ही अंगांना सपाट पट्टे पडतात; ते अरुंद आणि दोन्हीकडे सारखे असतील तर पूर्वीच्या मालकाचा हात सरळ होता असे समजावे, परंतु एका टोकाला रुंद आणि दुसऱ्या टोकाला नाहीसे होणारे पट्टे पाते वाकडे असल्याचे किंवा एकाच बाजूला जोर पडल्याचे सांगतात. धारेची रेषा सरळ किंवा किंचित बाहेर फुगलेली असावी. मध्येच आत गेलेली धार सपाट दगडावर पूर्ण टेकत नाही आणि ती दुरुस्त करायची तर पात्याची रुंदी गमवावी लागते. पोलादावरची करडी-काळसर छटा निरुपद्रवी असते, पण काळे ठिपके म्हणजे गंजाने पाडलेले खड्डे असतात, आणि ते पाठीजवळ असले तर चालतात, धारेपाशी असले तर दगडावर घासताच तेथे दाते उघडे पडतात. धारेतून वर चढणारी केसाएवढी चीर हा सर्वांत गंभीर दोष होय, कारण तिच्यावर उपाय नाही. याच्याइतकाच फसवा दोष म्हणजे आरशासारखी नवी झिलई : विजेच्या मोटरवर फिरणाऱ्या चाकावर जोराने चमकवलेल्या पात्याची पातळ धार तापून पोलादाचे पाणी उतरलेले असू शकते, आणि अशा मऊ धारेला कितीही घासले तरी ती टिकत नाही. पुसट झालेली अक्षरे आणि गोलावलेल्या कडा ही अशा अतिरेकी झिलईची लक्षणे असतात.

पात्याच्या मागील दांड्यावरील छापही वाचता यावा लागतो. अमेरिकेच्या १८९० च्या जकात कायद्याने आयात मालावर मूळ देशाचे नाव घालणे बंधनकारक केले, त्यामुळे तेथे गेलेल्या वस्तऱ्यावर ‘जर्मनी’ किंवा ‘इंग्लंड’ असे असेल तर तो सामान्यतः त्यानंतरचा मानतात. इतर बाजारांसाठी घडलेल्या मालाला मात्र ही कसोटी तितकीशी लागू पडत नाही. मुठीच्या पट्ट्या शिंगाच्या, हाडाच्या, हस्तिदंताच्या किंवा सेल्युलॉइडच्या असतात. जुने सेल्युलॉइड कुजू लागले की त्यातून निघणारी आम्लयुक्त वाफ मिटलेल्या पात्याला गंज चढवते, म्हणून मुठीच्या आत राहणारा भाग उघडून पाहणे आवश्यक ठरते. हस्तिदंताच्या व्यापारावर भारतात बंदी असल्याने तशा मुठीचा वस्तरा येथील खरेदीदाराने वर्ज्यच मानावा.

नव्या वस्तऱ्यात पूर्वीच्या मालकाच्या चुका नसतात आणि गंजाची शंकाही नसते. झोलिंगेनमधील डोव्हो (स्थापना १९०६) आणि फ्रान्समधील तिएर येथील तिएर-इसार (स्थापना १८८४) ही त्यातील जुनी नावे होत. ‘झोलिंगेन’ या नावाला तर जर्मनीत १९३८ पासून कायद्याचे संरक्षण आहे. परंतु नवे म्हणजे निर्दोष नव्हे, कारण नवे पातेही क्वचित पिळलेले निघते आणि कारखान्यातून आलेली धार पुष्कळदा चेहऱ्यावर चालण्याइतकी तयार नसते. अतिस्वस्त नव्या वस्तऱ्यांची गोष्ट आणखी वेगळी आहे : त्यांचे पोलाद मऊ आणि पाठीचे प्रमाण चुकलेले असल्याने ते दिसतात वस्तऱ्यासारखे, पण त्यांना धार धरत नाही.

दोन्ही वाटा अखेर सहाणेपाशीच येतात. प्रथम सुमारे १००० क्रमांकाच्या दगडावर धारेच्या दोन्ही बाजू एका रेषेत मिळवणे, मग ४००० आणि ८००० क्रमांकांच्या दगडांवर ओरखडे बारीक करत नेणे आणि शेवटी चामड्याच्या पट्ट्यावर पाठ पुढे व धार मागे ठेवून पाते फिरवणे, असा हा क्रम असतो. महाराष्ट्रातील केशकर्तनालयांत आता अर्धे ब्लेड बसवण्याचा वस्तरा सर्रास वापरला जातो, ज्यात ब्लेड प्रत्येक ग्राहकामागे बदलता येते. आरोग्याच्या दृष्टीने ही सोय योग्यच असली, तरी तिच्यामुळे सहाणेवर वस्तरा पाजळणारे हात विरळ झाले आहेत, आणि जुना वस्तरा घेणाऱ्याने हा खर्च व ही मेहनत किमतीत धरली पाहिजे. दुसऱ्याने वापरलेले पाते निर्जंतुक केल्याखेरीज चेहऱ्याला लावू नये, मात्र शिंगाच्या किंवा सेल्युलॉइडच्या मुठीचा वस्तरा उकळू नये.

एकंदरीत, ज्याला पाठ आणि धार वाचता येते त्याला त्याच पैशांत जुने पाते अधिक चांगले पोलाद देते. ज्याला ते अजून येत नाही, त्याने नामांकित कारखान्याचा नवा वस्तरा किंवा जाणकाराने धार लावून दिलेला जुना वस्तरा घ्यावा. अतिस्वस्त नवा वस्तरा मात्र दोघांनीही घेऊ नये.