विनॉक्सी जीवाणूंची प्रतिजैविक-संवेदनशीलता : परीक्षणाचे स्वरूप व मर्यादा

प्रस्तावना :
वर्धा हा प्रामुख्याने कापूस व सोयाबीन पिकविणारा जिल्हा होय. शेतीकामात झालेली मातीने माखलेली खोल जखम, मधुमेही रुग्णाच्या पायाचे चिघळलेले क्षत, फुटलेले आंत्रपुच्छ अशा ठिकाणी विनॉक्सी, म्हणजे ऑक्सिजनविरहित वातावरणात वाढणारे जीवाणू फोफावतात. सेवाग्राम येथे १९६९ साली महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था व सावंगी (मेघे) येथे १९९० साली जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालय स्थापन झाले. तथापि आर्वी वा आष्टीहून निघालेल्या नमुन्यातील हे जीवाणू प्रयोगशाळेपर्यंत जिवंत पोहोचतील काय, हा परीक्षणापूर्वीचा प्रश्न आहे. पुवास दुर्गंधी असूनही 'वाढ आढळली नाही' असा अहवाल आल्यास तो जंतूंच्या अभावाचा पुरावा मानू नये. कापसाच्या बोळ्यावरील नमुन्यास हवा लागते. सुईने ओढून घेतलेला पू अधिक विश्वसनीय असतो.

परीक्षणाची पद्धत :
कर्बी व बाउर यांची १९६६ सालची चकती-पद्धत जलद वाढणाऱ्या जीवाणूंसाठी योजलेली आहे. विनॉक्सी जीवाणूंची वाढ मंद असल्याने तिचे निकष त्यांना जसेच्या तसे लावता येत नाहीत. त्यांच्यासाठी अगर-विरलन ही संदर्भ-पद्धत मानली जाते. हेमिन, 'के' जीवनसत्त्व व मेंढीचे रक्त घातलेल्या ब्रुसेला अगरमध्ये औषधाची मात्रा पायरीपायरीने दुप्पट करीत निरनिराळ्या बशा तयार करतात. प्रत्येक ठिपक्यात सुमारे १,००,००० जीवाणू ठेवून ४२ ते ४८ तास ऑक्सिजनविरहित पात्रात ३५ ते ३७ अंश सेल्सिअसला ठेवतात. ज्या अल्पतम मात्रेला वाढ थांबते ती किमान प्रतिबंधक संहती होय. पद्धत अचूक, परंतु कष्टाची. एका रुग्णाच्या एका जीवाणूसाठी एवढा खटाटोप क्वचितच होतो. युरोपीय समितीने २०२२ साली १६ ते २० तासांत वाचता येणारी चकती-पद्धत काही विनॉक्सी जीवाणूंसाठी प्रमाणित केली, हे लहान प्रयोगशाळांच्या दृष्टीने मोलाचे आहे.

मेट्रोनिडॅझोलचे उदाहरण येथे विशेष बोलके आहे. हे औषध जीवाणूच्या पेशीत क्षपण झाल्यावरच मारक ठरते व त्यास ऑक्सिजनचा अभाव आवश्यक असतो. पात्राचे झाकण किंचित सैल राहिले तरी संवेदनशील जीवाणूही 'प्रतिरोधी' भासतो, आणि रुग्णास विनाकारण महागडे औषध दिले जाते. म्हणून प्रत्येक वेळी ज्ञात संवेदनशील जीवाणू सोबत ठेवणे अनिवार्य समजावे. मेणबत्तीची बरणी येथे निरुपयोगी आहे. ज्योत विझल्यावरही तीत पुष्कळ ऑक्सिजन उरतो.

याउलट खरा प्रतिरोधही अस्तित्वात आहे. बॅक्टेरॉइड्स फ्रॅजिलिस बहुधा बीटा-लॅक्टमेज तयार करून पेनिसिलिन निष्प्रभ करतो. काही जीवाणूंत 'निम' जनुकांमुळे मेट्रोनिडॅझोलही लागू पडत नाही. क्लिंडामायसिनविषयी तर अंदाज बांधणेच धोक्याचे. जेंटामायसिनची चकती मात्र लावूच नये. त्याचा पेशीतील प्रवेश ऑक्सिजनाधारित श्वसनावर अवलंबून असल्याने हा प्रतिरोध उपजतच असतो.

रक्त, मेंदूतील गळू, अस्थी यांतून मिळालेल्या, तसेच उपचारास दाद न देणाऱ्या संसर्गातील जीवाणूंचे परीक्षण तातडीने व्हावे. उर्वरित जीवाणू साय काढलेल्या दुधात उणे ७० अंशांवर साठवून वर्षातून एकदा एकत्रित तपासल्यास, तालुक्याच्या डॉक्टरांना निदान आपल्याच जिल्ह्यातील आकडे हाती मिळतील.