ऑर्किडची कुंडी भरताना

भेट म्हणून मिळालेले किंवा रोपवाटिकेतून हौसेने आणलेले ऑर्किड दोन-तीन महिने डौलाने फुलते आणि त्यानंतर हळूहळू कोमेजू लागते, असा अनुभव शहरातील अनेक घरांत येतो. पाने सुरकुततात म्हणून पाणी वाढवले जाते आणि वर्षभरात रोप दगावते. दोष बहुधा हवामानाला दिला जातो. प्रत्यक्षात बऱ्याचदा कारण कुंडीत, मुळांभोवती भरलेल्या मिश्रणात दडलेले असते. कुजलेली मुळे पाणी शोषू शकत नाहीत. म्हणूनच ओल्या कुंडीतील रोपही तहानलेले दिसते.

ऑर्किडला मराठीत आमरी असे नाव आहे. घरोघरी लावली जाणारी फॅलेनॉप्सिस, डेंड्रोबियम, कॅटलिया, व्हँडा ही ऑर्किडे मूळची वृक्षांवर वाढणारी. आपल्या सह्याद्रीतील ‘सीतेची वेणी’ही अशीच झाडांच्या खोडाफांद्यांवर वाढते. ही झाडे बांडगुळे नव्हेत. ती आधारवृक्षाचा रस शोषत नाहीत, केवळ आसरा घेतात. त्यांच्या मुळांवर मृत पेशींचा स्पंजासारखा पांढुरका थर असतो. पावसाचे पाणी तो झटकन टिपून घेतो आणि वाऱ्याने तितक्याच लवकर सुकतो. भिजणे आणि सुकणे हे चक्र या मुळांचा श्वासच आहे. बागेतील माती किंवा नुसते कोकोपीट भरले, की मुळांभोवतीची हवा नाहीशी होते व कूज सुरू होते. त्यामुळे कुंडीतील मिश्रणाने मुळांना आधार द्यावा, थोडी ओल धरावी आणि भरपूर पोकळी ठेवावी, एवढीच अपेक्षा असते.

कोणते साहित्य निवडावे?

आपल्याकडे सहज मिळणारे उत्तम साहित्य म्हणजे लाकडाचा लोणारी कोळसा. तो लवकर कुजत नाही आणि कुंडी मोकळी ठेवतो. मात्र दगडी कोळसा किंवा शेगडीसाठी मिळणाऱ्या कोळशाच्या वड्या वापरू नयेत. भाजलेल्या विटांचे तुकडे थोडी ओल धरतात आणि उंच वाढणाऱ्या डेंड्रोबियमची कुंडी कलंडू नये म्हणून वजनही देतात. नारळाच्या सोडणांचे तुकडे ओल अधिक टिकवतात. पण त्यांत क्षार असतात. ते किमान दोन दिवस पाण्यात भिजवावेत आणि पाणी गडद तपकिरी येणे थांबेपर्यंत बदलत राहावे. साधारण दीड-दोन वर्षांत सोडणे मऊ पडून कुजतात.

पाइन वृक्षाची साल फॅलेनॉप्सिससाठी विशेष मानवते. स्फॅग्नम हे वाळवलेले शेवाळ स्वतःच्या कोरड्या वजनाच्या सुमारे १५ ते २० पट पाणी धरून ठेवते. परदेशातून आलेली रोपे अनेकदा याच शेवाळात घट्ट बांधलेली असतात. नियंत्रित हरितगृहात ते सोयीचे असले, तरी मुंबईच्या पावसाळ्यात घातक ठरू शकते. म्हणून फुले गळल्यावर मुळांभोवतीचा हा गोळा तपासून पाहावा.

गावाप्रमाणे मिश्रण

मुंबईत पावसाळ्याच्या चार महिन्यांत २,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि हवा सतत दमट राहते. तेथे डेंड्रोबियमसाठी दोन भाग कोळसा, एक भाग विटांचे तुकडे आणि एक भाग सोडणे असे मिश्रण घ्यावे. रोप उघड्यावर पावसात असल्यास सोडणे वगळावीत. फॅलेनॉप्सिससाठी तीन भाग पाइनची साल आणि एक भाग कोळसा पुरेसा होतो. पुणे, नाशिक किंवा नागपूरच्या कोरड्या उन्हाळ्यात हेच मिश्रण फार लवकर सुकते. तेथे सोडणांचे प्रमाण दुप्पट करावे किंवा सालीत मूठभर शेवाळ मिसळावे. व्हँडाला तर मिश्रणाचीही गरज नाही. लाकडी जाळीदार टोपलीत मुळे मोकळी सोडून रोज पाणी दिले, की ते सुखाने वाढते.

तुकड्यांचा आकारही महत्त्वाचा. मोठ्या रोपासाठी दीड ते दोन सेंटिमीटरचे, लहान रोपासाठी त्याच्या निम्म्या आकाराचे तुकडे घ्यावेत. चाळून धूळ व चुरा काढून टाकावा, कारण हाच चुरा तळाशी बसून पाण्याचा निचरा अडवतो.

कुंडी बदलताना

फुलांचा बहर ओसरल्यावर, नव्या मुळांची हिरवी टोके दिसू लागताच कुंडी बदलावी. आपल्याकडे फेब्रुवारी अखेरीपासून पावसाळ्यापूर्वीचा काळ योग्य. जुने मिश्रण झटकून, काळपट व पोकळ मुळे ज्योतीवर तापवून थंड केलेल्या कात्रीने कापावीत. टणक मुळांना हात लावू नये. नवी कुंडी मुळांच्या पसाऱ्याहून बोटभरच मोठी आणि तळाला व बाजूंना भोके असलेली असावी. मोठ्या कुंडीचा मध्यभाग सुकतच नाही. फॅलेनॉप्सिस मधोमध बसवावे. डेंड्रोबियमची जुनी बाजू कडेला टेकवून नव्या कोंबाला पुढे जागा ठेवावी. रोप हलत असेल तर काठीला बांधावे, कारण हलणाऱ्या रोपाची कोवळी मुळे मोडतात. नंतर तीन-चार दिवस सावलीत ठेवून कापलेल्या जागा सुकू द्याव्यात, मगच पाणी द्यावे.

पुढे पाणी कधी द्यायचे, हे मुळेच सांगतात. फॅलेनॉप्सिसचे ओले मूळ हिरवे आणि कोरडे मूळ रुपेरी दिसते. रुपेरी छटा दिसल्यावर पाणी द्यावे, हिरवी असेल तर थांबावे. एवढे पाळले, तर दरवर्षी नवे रोप विकत आणण्याऐवजी एकच ऑर्किड वर्षानुवर्षे फुलताना पाहता येते.